शिवोलीतलं नदीकाठचं जुनं घर: स्लॅब टाकावी की कौलं ठेवावीत?

तुम्ही विचारलंय की शिवोलीत शापोरा नदीच्या काठाला पत्नीच्या आजोळचं चिऱ्याचं कौलारू घर आहे, बरीच वर्षं बंद. कौलं उतरवून स्लॅब टाकायची, वर एक मजला चढवायचा, नदीकडची भिंत पाडून पूर्ण काच लावायची आणि ओल जावी म्हणून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा, असा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

मी बार्देश-पेडण्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. स्पष्टच सांगतो: स्लॅब टाकू नका, आणि सिमेंटचा गिलावा तर अजिबात नको. काचेचं बघता येईल.

आधी ओल. चिरा सच्छिद्र दगड आहे. जोत्यातून पाणी वर चढतं, आणि नदीकाठी त्या पाण्यात मीठ असतं. शापोरा तिथे भरती-ओहोटीची नदी आहे, गोड्या पाण्याची नाही. जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडते, खार पृष्ठभागावर येतो, थोडा चुना झडतो. पावसाळा सरला की घराला पुन्हा चुना काढायचा, ही पद्धत त्यासाठीच होती. सिमेंटने भिंत बंद केली की ओलीला वाट उरत नाही. ती आणखी वर चढते आणि मीठ गिलाव्याच्या मागे साठतं. तिथे त्याचे स्फटिक वाढतात आणि चिऱ्याचा चेहराच भुसभुशीत होतो. काही पावसाळ्यांत गिलावा टिचकी मारली तर पोकळ वाजतो, मग पापुद्रे सुटतात. लोक त्यावर वॉटरप्रूफ रंग मारतात, म्हणजे उरलीसुरली वाटही बंद.

तुमच्याकडे आधीच कुठे सिमेंट मारलेलं असेल तर ते उतरवा, भिंती एक पूर्ण उन्हाळा उघड्या ठेवा, चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या दर्जा चुन्याच्या मसाल्याने भरा, वर चुन्याचाच गिलावा करा. प्लास्टिक रंग नको. चुन्यात हात असलेला गवंडी शोधायला वेळ लागतो, पण असे गवंडी अजून आहेत. थांबा त्याच्यासाठी. आणि पाणी भिंतीपर्यंत येतंच का, ते तपासा. रस्ता दरवेळी डांबर पडून उंच झालेला असतो, अंगणात कुणीतरी भिंतीला चिकटून फरशी घातलेली असते, आणि पावसाचं पाणी उलटं जोत्याकडे वाहतं. अंगणाचा उतार घरापासून लांब काढला तर अर्धी ओल तिथेच संपते. खर्चही सगळ्यात कमी.

छपराबद्दल. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तो तिरपा येतो. उतरतं छप्पर आणि लांब पागोळ्या हे पाणी भिंतीपासून दूर टाकतात. सपाट स्लॅब केली की भिंत उघडी पडते. त्याहून मोठी अडचण लोखंडाची. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. म्हणूनच किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या आरसीसीसाठी आयएस ४५६ हे मानक किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगतं. लाटांचे तुषार येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. गावातल्या छोट्या कामांवर हे कुणी मोजत नाही, सवयीने वीस-पंचवीस मिलिमीटर सोडतात. न्हाणीघरावर छोटी स्लॅब लागलीच तर हे आकडे कंत्राटात लिहून घ्या, आणि खाडीची वाळू साइटवर येऊ देऊ नका.

कौलारू छपरात सगळं लाकूड बदलावं लागत नाही. वाशांची भिंतीत बसलेली टोकं आधी कुजतात, तिथे टोचून बघा. चांगली मंगळुरी कौलं परत वापरता येतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेलं तेव्हा झाडं पडून अनेक छपरं मोडली. म्हणून कडेच्या रांगा तारेने बांधा आणि घरावर झुकलेल्या माडांचा बंदोबस्त आधी करा.

आता मजला. भरतीच्या नद्यांसाठी २०११ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना काठापासून १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढा पट्टा धरते. २०१९च्या अधिसूचनेत हे अंतर ५० मीटर आहे, पण ती नवा किनारी आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते, तेव्हा कुठेतरी वाचलेल्या ५० मीटरवर भरवसा ठेवू नका. बांधकामबंदीच्या पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण आहे तेवढ्याच जोत्यात आणि आहे तेवढ्याच चटईक्षेत्रात. वरचा मजला त्यात बसत नाही. गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरण आणि पंचायत, दोन्हीकडे अर्ज लागेल. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची. घर त्याआधीचं आहे हे दाखवणारे कागद आजच गोळा करा: जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सर्व्हे प्लॅन, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद). आजोळचं घर आहे, म्हणजे नावं बरीच असतील. गोव्याच्या वारसा कायद्यात सगळ्या वारसांचा, आणि बहुतेक वेळा त्यांच्या नवरा-बायकोचाही हिस्सा निघतो. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पैसा ओतू नका.

घराला लागून खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, असेल तर तिथे भराव घालू नका. बांध आणि मानस (पाणी सोडायचं-अडवायचं दार) यांच्यावर सबंध वाड्याचं पाणी अवलंबून असतं, आणि कांदळवनाला तर हातही लावू नका. काठ धरून ठेवतं ते तेच.

काच: चिऱ्याची भिंत छपराचा भार पेलते, ती पाडता येत नाही. आहेत त्या खिडक्या खाली जमिनीपर्यंत वाढवता येतात, रुंदी तीच ठेवून. तेवढ्यानेही नदी घरात येते, खरंच. बाहेरून लाकडी झडपा ठेवा. बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, ३०४ला किनाऱ्यावर गंजाचे डाग पडतात. जुन्या शिंपल्यांच्या तावदानांपैकी काही शिल्लक असतील तर कुणाला देऊ नका. त्यातून येणारा मऊ उजेड काच देत नाही.

काम ऑक्टोबरनंतर सुरू करा. येत्या पावसाळ्यात फक्त फुटलेली कौलं बदलून शाकारणी करून घ्या आणि मुसळधार पावसात, शक्यतो पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, तिथे जाऊन राहा. पाणी कुठवर येतं ते भिंतीवर खडूने लिहा, शेजारच्या म्हाताऱ्यांनाही विचारा. विजेचे बोर्ड, सेप्टिक टँक आणि नवी फरशी यांची उंची त्या खुणेवरून ठरवायची. नकाशा काढणाऱ्यालाही पावसातच घर दाखवा. सर्व्हे प्लॅन हाती आला की घर काठापासून किती मीटरवर आहे ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगता येईल.