माझी यादी ऐकणाऱ्यांची आहे

तुम्ही विचारलंय : टीव्हीवरच्या विनोदी अभिनयासाठी पुरस्कार द्यायचा अधिकार मिळाला, तर तुम्ही कोणाकोणाला द्याल? मालिका मराठी-हिंदी कुठलीही, काळ कुठलाही.

ही यादी माझ्या डोक्यात कित्येक वर्षं तयार आहे, फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं. नावं सांगण्याआधी मी ती कशी निवडली ते सांगते, नाहीतर काही नावं वाचून तुम्ही बुचकळ्यात पडाल.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही एक एकांकिका बसवत होतो. मला नणंदेचं काम होतं. चाळीस मिनिटं रंगमंचावर आणि वाक्यं पाच. तालमीत सहाव्या-सातव्या दिवशी दिग्दर्शक दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू ऐकत नाहीयेस. तू तुझ्या वाक्याची वाट बघतेयस." ते मला इतकं लागलं की तेव्हापासून कुठलाही विनोदी प्रसंग बघताना माझी नजर आपोआप बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्याकडे जाते. आणि माझी खात्री पटत गेली की हशा पुष्कळदा तिथेच तयार होतो. वाक्य एक जण टाकतो, पण ते वाक्य वेडगळ आहे, लागणारं आहे की भयंकर आहे, हे आपल्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. पुरस्कार मात्र बहुतेक वेळा टाकणाऱ्याला जातो. माझी यादी झेलणाऱ्यांची आहे.

प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार पंकज कपूर यांना, 'ऑफिस ऑफिस'मधल्या मुसद्दीलालसाठी. ही मालिका सब टीव्हीवर 2001 साली सुरू झाली. तिची रचना तुम्हाला आठवत असेल : दर वेळी कचेरी नवी, पण टेबलामागची माणसं तीच. पान चघळणारे शुक्लाजी म्हणजे संजय मिश्रा, कायम काहीतरी खात असलेले भाटिया म्हणजे मनोज पाहवा, प्रत्येक गोष्टीत 'दो बातें' सांगणारे पटेल म्हणजे देवेन भोजानी, 'वही तो' म्हणणाऱ्या उषाजी म्हणजे आपल्या आसावरी जोशी, आणि हेमंत पांडे यांचे पांडेजी. लकबी, तकियाकलाम, टाळ्यांची वाक्यं, सगळं या लोकांकडे. मुसद्दीलालकडे काय? एक कागद आणि सहनशीलता. तो या टेबलावरून त्या टेबलावर जातो आणि ऐकतो. पण पंकज कपूर यांचं ते ऐकणं नीट बघा. पहिल्या टेबलाशी त्या माणसाच्या डोळ्यांत आशा असते. दुसऱ्याशी तो समोरच्याचं बोलणं मनातल्या मनात पुन्हा लावून बघतो, आपलंच काही चुकतंय का म्हणून. तिसऱ्याशी खांदे पडतात. आवाज फार कुठे चढत नाही. मी स्वतः एका दाखल्यासाठी एका कार्यालयात चार खेपा घातल्या होत्या, आणि तिसऱ्या खेपेला काचेच्या दारात माझं प्रतिबिंब दिसलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार मुसद्दीलालचाच आला. असं पात्र हास्यास्पद होऊ न देता हसवणं फार अवघड आहे. त्यांनी ते केलं, आणि त्या माणसाचा मान शेवटपर्यंत राखला.

प्रमुख अभिनेत्री सुप्रिया पाठक, 'खिचडी'मधली हंसा. ही स्टार प्लसवर 2002 साली आली. तुम्ही म्हणाल, हंसा तर बोलणारी आहे. आहे की, पण तिच्या सगळ्यात गाजलेल्या जागा आठवा. ती प्रफुलला एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते, प्रफुल (राजीव मेहता) काहीतरी अचाट फोड करून सांगतो आणि तिला सगळं कळतं. त्या दोन वाक्यांच्या मधलं तिचं ऐकणं म्हणजे संपूर्ण विश्वास आहे. नवरा सांगतोय म्हणजे खरंच असणार! डोळ्यांत शंकेचा कणही नाही. त्या विश्वासाशिवाय प्रफुलचं उत्तर नुसती शाब्दिक कोटी राहिली असती. सुप्रिया पाठक यांनी हंसाला मूर्ख म्हणून केलं नाही. हंसाचं स्वतःचं एक जग आहे, त्यात सगळं सुरळीत चाललेलं आहे, आणि ती त्या जगात सुखी आहे. बाबूजी झालेल्या अनंग देसाईंनाही इथेच एक मानाचा नारळ. अख्ख्या घराचा वेडेपणा त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांनी मोजला जायचा.

सहाय्यक अभिनेत्याच्या जागेवर माझा जीव अडकलेला आहे. 'साराभाई वर्सेस साराभाई'तला साहिल, म्हणजे सुमीत राघवन. ही मालिका स्टार वनवर 2004 ते 2006 चालली. तिच्याबद्दल बोलताना लोक माया सांगतात, मोनिशा सांगतात, रोसेशच्या कविता म्हणून दाखवतात. सगळं रास्तच आहे. रत्ना पाठक शाह यांची माया ज्या सुरात सुनेला 'मिडल क्लास' म्हणायची, तो सूर आमच्या घरात अजून निघतो. पण त्या दिवाणखान्यात शहाणा माणूस एकच होता. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको, मागे काड्या घालणारे वडील, समोर कविता वाचणारा भाऊ. साहिलच्या चेहऱ्यावर आपण स्वतःला ठेवतो आणि मग बाकीच्यांना हसतो. तो जरा जास्त वैतागला असता तर घर खरंच भांडणारं वाटलं असतं, आणि जरा कमी वैतागला असता तर बाकीची पात्रं निव्वळ व्यंगचित्रं झाली असती. सुमीत राघवन यांनी हे माप अचूक ठेवलं. मराठी नाटकातून आलेल्या माणसाला समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायची सवय असते, असं मला त्यांना बघताना फार जाणवतं.

याच मालिकेतले सतीश शाह मी कुठल्याही गटात घालू शकत नाही. 1984 च्या 'ये जो है ज़िंदगी'त ते जवळजवळ दर भागात नव्या माणसाच्या रूपात यायचे. नवा वेश, नवी चाल, नवी बोली. वीस वर्षांनी तोच नट इंद्रवदन होऊन सोफ्यावर बसला आणि धाकट्या मुलाच्या कविता ऐकू लागला. रोसेश (राजेश कुमार) कविता म्हणत असताना इंद्रवदनचा चेहरा बघा : आधी येऊ घातलेल्या संकटाची चाहूल, मग यातना, आणि मग हळूहळू पसरणारा दुष्ट आनंद, कारण आता टोमणा सुचलेला असतो. हे सगळं शब्द न उच्चारता. इतकी वेषांतरं केलेल्या माणसाने शेवटी नुसत्या चेहऱ्यावर काम भागवावं, यात मला एका नटाचा सगळा प्रवास दिसतो. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले त्या रात्री आम्ही घरच्यांनी तीन भाग लागोपाठ पाहिले. हसत होतो आणि मधूनच कोणीतरी नाक ओढत होतं.

अमेरिकेतल्या एमी पुरस्कारांत पाहुण्या कलाकारासाठी वेगळा गट असतो. तो आपल्याकडे हवा असं मला मनापासून वाटतं, कारण विनोदी मालिकेत एका भागापुरता आलेला माणूस कधीकधी सगळ्यांना खाऊन जातो. माझा हा पुरस्कार अरविंद वैद्य यांना, 'साराभाई'तल्या कमी ऐकू येणाऱ्या मधुसूदन फूफांसाठी. ऐकणाऱ्यांच्या यादीत ज्याला ऐकूच येत नाही तो कसा, असं विचाराल. ऐकू न येण्याचा अभिनयही ऐकण्याचाच असतो. ते 'हैं?' नेमकं कुठल्या क्षणी यावं हे ज्याला कळतं, त्याला समोरच्याच्या वाक्याची लय पाठ असावी लागते.

माझ्या यादीतली रत्ना पाठक आणि सुप्रिया पाठक या सख्ख्या बहिणी, दीना पाठक यांच्या मुली, आणि पंकज कपूर हे सुप्रिया यांचे पती. मी मुद्दाम एका घरात पुरस्कार वाटत नाहीये, पण एकाच घरात हे एवढं सगळं असावं याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

आता मराठी. अल्फा मराठीवर 2001 साली सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका माझ्यासाठी मोजपट्टी आहे. केदार शिंदे यांचं दिग्दर्शन आणि आबांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. ते तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते, आणि त्यांच्या आबांच्या म्हातारपणावर आमच्या शेजारच्या खऱ्या आजोबांचाही विश्वास होता. पण सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मी श्यामलाला देते, शुभांगी गोखले यांना. सासरे, नवरा शेखर, शलाका आणि शिऱ्या, या चौघांचं बोलणं जिच्यापाशी येऊन थांबायचं ती श्यामला. त्या मालिकेत टाळीची वाक्यं फारशी नव्हतीच. विनोद स्वयंपाकघरात, चहा गाळता गाळता व्हायचा. शुभांगी गोखले यांचं हातातलं काम कधी थांबायचं नाही आणि कान मात्र बाहेरच्या खोलीत असायचे. आपल्या घरातली बाई अशीच ऐकते. हे कोणी शिकवून येत नाही, पाहून पाहून अंगात मुरवावं लागतं.

प्रभावळकरांचा विषय निघाला की त्यांच्याआधी मला बाळ कर्वे आठवतात. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीला चि. वि. जोशी यांच्या कथांवरची मालिका झाली. प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मी त्या वेळी जन्मलेलेही नव्हते. थोडेसे भाग मोठेपणी पाहायला मिळाले, बाकी सगळं आजीच्या तोंडून. आजी म्हणायची, "हसू चिमणरावाचं यायचं, पण डोळे गुंड्याभाऊकडे असायचे." घाबरट, किरकिऱ्या चिमणरावाशेजारी तो दणकट गुंड्याभाऊ नुसता उभा राहिला की अर्धं काम झालेलं असायचं. जन्मभराच्या कामगिरीचा पुरस्कार असतो, तसा एकाच भूमिकेने जन्मभर पुरल्याचाही पुरस्कार असावा. तो बाळ कर्वे यांचा. लोक त्यांना आयुष्यभर गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखत राहिले.

हल्लीच्या कार्यक्रमांतून मी फार नावं घेणार नाही. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' मी आवडीने बघते, पण स्किटचा बाज वेगळा. समोर परीक्षक बसलेले असतात, हशाला थांबायचं असतं, दहा-बारा मिनिटांत माणूस उभा करायचा असतो. त्यातही मला प्रसाद खांडेकर यांचं काम जास्त मोलाचं वाटतं. ते स्वतः लिहितात, आणि तरी पुष्कळदा गोंधळाच्या मधोमध वैतागलेला माणूस स्वतःकडे ठेवून हशाच्या जागा इतरांना देतात. लिहिणाऱ्याच्या हातात सगळी वाक्यं असताना त्याने असं करावं, याला मोठं मन लागतं. जोडी म्हणून समीर चौगुले आणि विशाखा सुभेदार. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचा चेहरा बदललेला असायचा.

माझ्या मनातला सगळ्यात लाडका पुरस्कार मात्र अजून राहिलाय. झी टीव्हीवर 1995 साली आलेल्या 'हम पांच'मध्ये अशोक सराफ होते, आनंद माथुर, पाच मुलींचा बाप. त्याची पहिली बायको वारलेली, आणि ती भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलायची. त्या तसबिरीत प्रिया तेंडुलकर होत्या. 1985 साली 'रजनी' होऊन ज्यांनी अन्यायाविरुद्ध अख्ख्या देशासमोर आवाज चढवला, त्यांनी इथे एका चौकटीत बसून काम केलं. हात नाहीत, पाय नाहीत, चालणं नाही, फक्त चेहरा. आणि समोर अशोकमामांसारखा नट, ज्यांचं सगळं अंग बोलतं. तरी बाप मुलींच्या कचाट्यात सापडला की आमचे डोळे भिंतीकडे जायचे, आता ती काय म्हणते म्हणून. अशोक सराफांचंही मोठेपण असं की ते त्या तसबिरीशी खऱ्या बायकोशी बोलावं तसं बोलायचे, वर बघून, तिचं पूर्ण ऐकून घेऊन. त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी त्यांचे सिनेमे आठवले. मला तो बाप आठवला. या दोघांना मिळून एक पुरस्कार, आणि तो तसबिरीच्याच आकाराचा.

हे उत्तर इथेच संपवणार होते. आईला वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, "रीमाला कुठे घातलंस?"

मला खरंच उत्तर देता आलं नाही. मग तिनेच सांगितलं आणि मी लिहून घेतलं. 1994 च्या सुमारास रीमा लागू एकाच वेळी दोन घरांत होत्या. 'तू तू मैं मैं'मध्ये त्या सासू, सुप्रिया पिळगावकर सून, आणि दोघींचं कडाक्याचं भांडण. 'श्रीमान श्रीमती'त त्या कोकिला, शांत, साधी बायको. नवरा केशव कुलकर्णी म्हणजे जतीन कनकिया शेजारणीवर लट्टू, शेजारीण अर्चना पूरनसिंग, आणि शेजारणीचा नवरा राकेश बेदी कोकिलावर लट्टू. एका घरात आवाज चढवायचा आणि दुसऱ्या घरात तिघांचे फुगलेले आवाज झेलत शांत राहायचं. आई म्हणाली, "ती भांडतानासुद्धा सुनेचं पूर्ण ऐकून मगच बोलायची. म्हणून तर भांडण खरं वाटायचं."

तेव्हा प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून : सुप्रिया पाठक आणि रीमा लागू. आई आता समोर बसून विचारतेय की सुप्रिया पिळगावकर कुठे आहेत.