म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या सेवेसाठी आलेल्या नव्या मुलींना शिकवायला घेतेस, तेव्हा

पहिल्या दिवशी वहीपेन देऊ नकोस, थेट खाटेपाशी ने. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या पोरींनी घरी आजी-आजोबांचं केलेलं असतं, हात कामाला सरावलेले असतात. चुकतं ते घाईत.

कूस बदलणं आधी शिकव, आणि सावकाश शिकव. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलायची. प्रत्येक वेळी माकडहाड, टाचा, खुबे उघडून बघायचे. लाल डाग दिसला की बोटाने दाबायचा. बोट काढल्यावरही लालच राहिला तर जखमेची सुरुवात समज आणि नर्सला लगेच सांग. तिथे तेल लावून चोळायची सवय मात्र मोडून काढ, आतली कातडी आणखी दुखावते. हे पोरींना पटत नाही, पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

भरवताना माणूस ताठ बसलेला हवा, जेवणानंतरही अर्धा तास तसाच. उठवताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून थोडं बसवायचं, एकदम उभं केलं की चक्कर येते. पावसात फरशी ओली राहते, तेवढं बघ.

आपल्याकडे एका खोलीत मराठी आजी, शेजारी कन्नड अज्जी. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी सुटते, म्हणून पाणी, दुखणं, लघवी एवढं तरी दोन्ही भाषांत विचारता आलंच पाहिजे.

कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज अचानक बरळायला लागले, तर वय झालं म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्गही असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.