‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

प्रिय बाळा,

मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता ‘टेन्शन घेऊ नको’ सांगून जातो, आणि त्याचंच तुला टेन्शन येतं. यायचंच! त्यात आत्याबाईंनी ‘परीक्षेचं डोक्यात घेतलंस म्हणून झालं’ असंही ठरवून टाकलं. आपलीच प्रतिकारशक्ती नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते, तो हा आजार. तुझ्या अभ्यासाचा त्यात काही दोष नाही. ताणाच्या काळात तो उसळण्याची शक्यता वाढते असं संशोधनात दिसतं, म्हणून ताणाकडे लक्ष द्यायचं, एवढंच.

आता कामाचं. एप्रिलात भर दुपारी महाद्वार रोडवरून चालत आलीस, की नजर धूसर होईल, पाय ओढत नेल्यासारखे वाटतील. लगेच रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, आला म्हणून हबकू नकोस. अंग तापलं की इजा झालेल्या नसांतून संदेश नीट जात नाहीत. श्रमानंतर नजर तात्पुरती धूसर होते, हे उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलंय. पंख्याखाली बस, मानेवर ओला टॉवेल टाक, गार पाणी पी. अंग निवलं की बहुतेक वेळा ओसरतं. ताप किंवा लघवीचा संसर्ग नसताना नवा त्रास २४ तासांवर टिकला, तर न्यूरॉलॉजिस्टना फोन कर. संसर्ग वाटला तरी डॉक्टर गाठायचाच, फक्त उपचार वेगळे.

यासाठी एक वही कर. तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ टिकलं. माझी निम्मी भीती या वहीनं घालवली. रडगाणं तिच्यात लिहायचं नाही, त्याला मैत्रिणी आहेत.

थकवा दिसत नाही, त्यामुळे तो कुणाला पटवत बसू नकोस. अवघड काम सकाळी उरक, दुपारी जरा आडवी हो, रंकाळ्यावर ऊन उतरल्यावर जा. व्यायाम सोडू नकोस. पूर्वी डॉक्टरच या आजारात व्यायाम नको म्हणायचे, ते आता मागे पडलं. पण आपली कोल्हापुरी खुमखुमी आवर, तालमीतल्यासारखा घाम गाळायला जाऊ नकोस. बरं वाटतंय म्हणून औषधही परस्पर बंद करायचं नाही. मन सलग उदास राहिलं, तर तेही डॉक्टरांना सांग. या आजारात नैराश्य बरंच आढळतं आणि त्यावर उपचार आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. परीक्षेत जादा वेळ मिळेल का, ते कॉलेजच्या ऑफिसात विचार. मागायला लाजायचं काय त्यात? फक्त आत्ताच विचार, शेवटच्या तारखेला तिथं रांग असते.

तुझी,
आक्का