मँगोस्टीनचं बी परदेशातून मागवताय? जरा थांबा

पाकिटातून आलेलं कोरडं बी बहुधा मेलेलंच असतं. मँगोस्टीनच्या बियांना वाळणं अजिबात सोसत नाही. गरातून काढायच्या, धुवायच्या आणि लगेच पेरायच्या. शिवाय आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) नसेल तर बी आणणं बेकायदाच. त्यापेक्षा पावसाळ्यात केरळची ताजी फळं घ्या आणि त्यातलं सर्वांत टपोरं बी निवडा. हे आपल्या कोकमाचंच भावंड, पण कोकमाच्या बियांतून निम्मी झाडं नर निघतात तशी इथे धास्ती नाही. रोप थेट आईवरच जातं, म्हणजे फळ देणारं मादीच निघतं. सोटमूळ फार नाजूक, म्हणून खोल पिशवीच वापरा. पहिली दोन-तीन वर्षं सावली हवी. फळाला 8-10 वर्षं लागतील, तोवर घरचे टोमणे मारणारच!