आठवणी गेल्या तर माणूस तोच राहतो का?

इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये मांडलं की आठवण पोचते तिथवरच 'मी'. स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडने १७८५ मध्ये त्यातली खोट दाखवली: म्हाताऱ्या सेनापतीला तरुणपणची लढाई आठवते, त्या तरुणाला लहानपणी खाल्लेला मार आठवतो, पण सेनापती तो मार विसरलाय. लॉकच्या हिशेबाने सेनापती म्हणजे तो तरुण, तरुण म्हणजे तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नाही. मग माणसं किती?

मला रीड पटतो. अमळनेरला आमची आजी मलाच विचारायची, "तू कोना पोऱ्या शे?" (तू कुणाचा मुलगा?) पण कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ समोर ठेवलं की भाकरी अचूक थापायची. हाताच्या सवयी मेंदूत वेगळ्या वाटेने साठतात, बहुधा उशिरा जातात. लॉकने हे हात हिशेबात धरलेच नाहीत.

(घरात कुणाचा विसर वाढत असेल तर आधी डॉक्टर गाठा, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने किंवा थायरॉइड बिघडल्यानेही होतं.)