वाचकांचे प्रश्न : गोलरक्षकाला उशीर का होतो?

प्रश्न : आइस हॉकीत गोल करणारे, आघाडीच्या फळीतले खेळाडू विशीच्या आतबाहेरच नाव कमावतात. गोलरक्षक मात्र तिशीच्या सुमारास प्रकाशात येतात आणि काही जण चाळिशी ओलांडेपर्यंत खेळतात, असे वाचनात आले. हे काम शिकण्यासच इतका वेळ लागतो, की यामागे आणखी काही कारण आहे?

उत्तर : शिकण्यास वेळ लागतो हे खरेच, परंतु माझ्या मते त्याहून वजनदार कारण जागेच्या टंचाईचे आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येक संघ सामन्यासाठी दोन गोलरक्षक सज्ज ठेवतो आणि एरवी त्यांपैकी एकच बर्फावर असतो. एकोणीस वर्षांच्या आघाडीवीराला चौथ्या फळीत, म्हणजे सर्वांत कमी वेळ खेळणाऱ्या तुकडीत, काही मिनिटे खेळवून पारखता येते. गोलरक्षकाला अशी थोडीथोडी संधी देता येत नाही, कारण त्याच्या चुकीवर पांघरूण घालायला त्याच्यामागे कोणी नसते. त्यामुळे जे उशिरा पिकणे वाटते, ते पुष्कळदा उशिरा मिळालेली जागा असते.

डॉमिनिक हाशेक याचे उत्तम उदाहरण आहे. संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या एनएचएलच्या १९८३ च्या वार्षिक निवडीत शिकागोने त्याला १९९व्या क्रमांकावर घेतले, पण चेकोस्लोव्हाकियातून तो १९९० मध्येच तेथे पोहोचू शकला आणि पोहोचल्यावरही एड बेलफोरच्या मागे राखीव म्हणून बसला. बफेलोला गेल्यानंतर मात्र त्याने १९९७ व १९९८ असा दोनदा सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक मिळवला. दुसऱ्या कोणत्याही गोलरक्षकाला हे दोनदा साधलेले नाही. टिम थॉमसची वाट तर आणखी लांब होती : फिनलंड, स्वीडन, दुय्यम लीग असे फिरून तो तिशी उलटल्यावर बॉस्टनमध्ये स्थिरावला आणि २०११ मध्ये, ३७व्या वर्षी, एनएचएलच्या विजेतेपदाच्या स्टॅन्ली चषकासाठीच्या बाद फेऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. अपवादही आहेत. मार्टिन ब्रोडरला न्यू जर्सीने २१व्या वर्षीच नियमित खेळवले आणि तो ६९१ विजयांवर थांबला.

लांब टिकण्याचे कारण निराळे आहे. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळ्यापुढे नुसत्या चपळाईने भागत नाही. पक (खेळातली रबरी चकती) सुटण्यापूर्वी समोरच्याची काठी, खांदे आणि पासची संभाव्य वाट वाचावी लागते, आणि हे वाचन वयाबरोबर सुधारत जाते. प्रतिक्षेप किंचित मंदावले तरी योग्य जागी आधीच उभा असलेला गोलरक्षक ती उणीव भरून काढतो.

शरीर मात्र हिशेब मागते, आणि तो बहुधा खुब्यात. गुडघे आत वळवून पोटऱ्या बर्फावर पसरण्याच्या 'बटरफ्लाय' पद्धतीत खुब्याच्या सांध्यावर सतत ताण येतो. गंमत अशी, की या पद्धतीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेला ग्लेन हॉल १९५५ ते १९६२ या काळात सलग ५०२ सामने खेळला, आणि तेही मुखवट्याविना.