मुलाखती आणि मोजमापं हातात आहेत. त्यांवरून माणसं आणि निसर्ग यांचं संगणकीय मॉडेल कसं बांधायचं?

तुम्ही विचारलंय की एका सिंचन क्षेत्रात दोन वर्षं फिरून कुटुंबांच्या मुलाखती, पाण्याची मोजमापं आणि उपग्रहाची छायाचित्रं जमवली आहेत, तर आता त्यावरून मॉडेल कसं करावं. आधी सगळी माहिती पूर्ण करावी का, असंही विचारलंय. आणि माणसांच्या वागण्याचं मॉडेल म्हणजे शेवटी आपणच रचलेला खेळ नाही का, ही तुमची शंका आहे.

शंकेपासूनच सुरुवात करतो. मी या कामात पडलो तेव्हा मलाही तीच होती, आणि ती बालीच्या भातशेतीवरच्या कामामुळे फिटली. तिथे एकाच पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांच्या संघटनेला 'सुबक' म्हणतात, आणि कोणत्या सुबकनं लावणी कधी करायची हे जलमंदिरांच्या परंपरेतून ठरतं. १९७०च्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणानं शेतकऱ्यांना सांगितलं की मंदिरांच्या वेळापत्रकासाठी थांबू नका, जमेल तितक्या वेळा भात लावा. थोड्याच काळात पाण्याची ओढाताण झाली आणि किडीनं पिकं खाल्ली.

स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे अनेक वर्षं काम करत होते. परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांच्यासोबत त्यांनी दोन नद्यांवरच्या १७२ सुबकांचं मॉडेल बांधलं. सगळ्यांनी एकदमच लावणी आणि एकदमच कापणी केली तर रिकाम्या शिवारात किडीला खायला काही उरत नाही, पण मग पाणी सगळ्यांना एकाच वेळी लागतं. प्रत्येकानं आपापल्या सोयीनं लावलं तर पाणी पुरतं, पण कीड या शेतातून त्या शेतात वर्षभर जगते. मॉडेलमध्ये सर्वात चांगलं उत्पन्न या दोन टोकांच्या मधे आलं. गटागटानं, साधारण मंदिरांच्या जाळ्याएवढ्या पातळीवर वेळ जुळवली तेव्हा.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला आजही फार सुंदर वाटतं. मॉडेलमध्ये मंदिरांचा नियम न घालता प्रत्येक सुबकला एवढंच सांगितलं की शेजाऱ्यांपैकी ज्याचं उत्पन्न चांगलं त्याचं वेळापत्रक पुढच्या वर्षी उचल. काही वर्षांच्या आवर्तनांत आपोआप गट पडले आणि ते प्रत्यक्षातल्या जाळ्याशी मिळतेजुळते निघाले. हे काम १९९३ साली प्रसिद्ध झालं. कोणी वरून आखून न देता अशी व्यवस्था उभी राहू शकते का, हे नुसत्या मुलाखतींतून कळलं नसतं. आणि शेतकरी एकमेकांकडे बघून काय ठरवतात, हे कळल्याशिवाय तो एका ओळीचा नियमही कोणाला सुचला नसता.

मात्र तुमच्या शंकेत खरं आहे तेही सांगतो. मॉडेल आपण घातलेल्या नियमाचंच फळ देतं. परिसंस्थांचे अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाचं जे उदाहरण मांडलं, त्यात प्रत्येक गुराखी फक्त स्वतःचा फायदा बघतो आणि कोणी कोणाशी बोलत नाही. हाच नियम संगणकात घातला तर कुरण उजाड होणारच, त्यासाठी संगणकही नको. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात पाणी, कुरणं, मासेमारी यांच्या प्रत्यक्ष उदाहरणांतून दाखवलं की लोक बोलतात, नियम करतात, मोडणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कडक शिक्षा करतात. नियम कुठून आला हे प्रत्येक ओळीपुढे लिहून ठेवा. मुलाखतीतून, मोजमापातून, की स्वतःच्या अंदाजातून. अंदाजच असेल तर तसं स्पष्ट लिहा.

आधी माहिती की आधी मॉडेल? माझं ठाम मत आहे की दोन्ही एकदमच चालू ठेवा. मी स्वतः आधी सगळी पाहणी उरकली आणि मग संगणकापुढे बसलो. मॉडेल चालवलं तर पाटाच्या शेवटाकडचे शेतकरी तिसऱ्याच हंगामात शेती सोडून जात होते, आणि माझ्या वहीत तेच शेतकरी अजून पीक घेत होते. महिनाभर मी आकडे वरखाली करत राहिलो. शेवटी परत गेलो आणि विचारलं, तेव्हा कळलं की ते वरच्या शेतकऱ्यांकडे मजुरीला जातात आणि मोबदल्यात त्यांची रात्रीची पाणीपाळी घेतात. माझ्या प्रश्नावलीत मजुरीचं पान वेगळं होतं आणि पाण्याचं वेगळं, त्यामुळे हा व्यवहार दोन्हींच्या मधून निसटला होता.

म्हणून मॉडेल जिथे चुकतं तिथे घाई करून आकडे जुळवू नका. अ‍ॅरिझोनातल्या लाँग हाउस खोऱ्याचं उदाहरण घ्या. झाडांच्या वाढीच्या वर्तुळांवरून जुनं हवामान काढून, त्यावरून मक्याचं उत्पन्न धरून, इ.स. ८०० ते १३५० या काळातली तिथली वस्ती संगणकात उभी केली गेली. लोकसंख्येचा चढउतार बराचसा जुळला. पण १३००च्या सुमारास खरं खोरं पूर्ण रिकामं झालं आणि मॉडेलमध्ये काही कुटुंबं उरली, कारण तेवढ्यांना पुरेल इतकी जमीन होती. म्हणजे एकट्या हवामानानं ते स्थलांतर उलगडत नाही. तो न जुळलेला भागच त्या कामातला सर्वात मोलाचा निष्कर्ष आहे.

दहा-बारा आकडे हवे तसे फिरवता येत असतील तर कोणताही एक आलेख जुळवता येतो. अशी मॉडेलं बांधणारे परिसंस्था-अभ्यासक फोल्कर ग्रिम आणि त्यांचे सहकारी सुचवतात की एका आलेखावर समाधान मानू नका, निरनिराळ्या प्रकारचे अनेक आकृतिबंध एकदम जुळतात का ते पाहा. तुमच्या बाबतीत पेरणीच्या तारखा, कुठल्या भागात जमीन पडीक राहते, आणि पाण्यावरून भांडणं कोणत्या महिन्यात होतात, असे तीन घेता येतील. त्यांतला एक आकृतिबंध मॉडेल बसवताना अजिबात वापरू नका, शेवटी तपासायला राखून ठेवा.

उपग्रहाच्या बाबतीत एक सावधगिरी. लँडसॅट उपग्रहाच्या छायाचित्रातला एक ठिपका ३० मीटर बाजूचा असतो. शेतं त्याहून अरुंद असतील तर एकाच ठिपक्यात दोन-तीन कुटुंबांचे निर्णय मिसळतात, आणि मग कुटुंब हा घटक धरून केलेली तुलना फसवी ठरते. अशा वेळी एका चारीवरची सगळी शेतं मिळून तुलना करा.

मुलाखती पुन्हा घ्यायची संधी असेल तर 'पाणी कमी पडलं की काय करता?' असं विचारू नका. उत्तर रीतीप्रमाणे येतं. 'गेल्या हंगामात पाणीपाळी चुकली त्या दिवशी काय केलंत, आधी कोणाकडे गेलात?' असं विचारा. निर्णयाचा क्रम हातात येतो आणि मॉडेलला तोच लागतो.

आणि अर्धवट असतानाच मॉडेल त्या लोकांना दाखवा. सेनेगल नदीच्या खोऱ्यात ओलिव्हिए बारेतो आणि फ्रांस्वा बुस्के यांनी सिंचनाचं मॉडेल भूमिका घेऊन खेळायच्या खेळात बदललं आणि शेतकऱ्यांसोबत ते खेळले. नियम कुठे खोटा आहे हे खेळणाऱ्याला लगेच जाणवतं. पडद्यावर मात्र कोणाचं शेत कुठलं हे ओळखू येणार नाही इतपत नकाशा बदलून घ्या. पाणी कोण चोरून घेतं हे त्यांनी तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं असतं.

या आठवड्यात नेटलोगो हे अशी मॉडेलं बांधायचं सॉफ्टवेअर उघडा, एकच पाट आणि दहा कुटुंबं घ्या. वर्णन ग्रिम यांच्याच गटानं २००६ साली मांडलेल्या ओडीडी (आढावा, रचनेमागच्या संकल्पना, तपशील) या मॉडेलवर्णनाच्या साच्यात लिहीत चला. ते लिहितानाच पहिले पाच प्रश्न असे निघतील ज्यांचं उत्तर वहीत नाही. ते घेऊन परत पाटावर जा.